भिंतीला भोक कशासाठी पाडलं

फ्रायबुर्ग, जर्मनी
नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढा खर्च करून घर हवाबंद केलंत, आणि आता धडधाकट भिंतीला भोक कशाला पाडताय?" आवाज तुटत होता, धड काही सांगता आलं नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तुमची उभी हयात बॉयलरवर गेली, तेव्हा तुम्हाला सविस्तरच लिहिते.

हॉलमध्ये लाकडावर चालणारा स्टोव्ह घेतलाय. ६ किलोवॉटचा, बीडाचा, पुढे काच. पूर्ण आचेवर त्याला तासाला दीड-दोन किलो वाळकं लाकूड लागतं, आणि एक किलो लाकूड नीट जळायला ढोबळमानाने १० घनमीटर हवा. म्हणजे तासाला जवळजवळ २० घनमीटर हवा खोलीतून धुराड्यात जाणार, आणि तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. नौपाड्याच्या घरात याचा कधी विचारच करावा लागला नाही. दाराखालची फट, खिडकीच्या काचपट्ट्या, हवा आपली येत-जात असायची. इथे खिडक्यांना तिहेरी काचा आणि दारांना रबरी गास्केट.

त्यात तुमच्याकडे आहे तशीच किचनमध्ये इलेक्ट्रिक चिमणी. ती तासाला ४०० घनमीटरहून जास्त हवा सरळ बाहेर फेकते. तुमच्या बॉयलरच्या भाषेत, बंद घरावर हवा बाहेर ओढणारा आय. डी. फॅन लावलाय आणि हवा आत ढकलणाऱ्या एफ. डी. फॅनचा पत्ताच नाही, अशी स्थिती. धुराड्याचा ड्राफ्ट, म्हणजे धूर वर खेचणारी ओढ, नैसर्गिक, जेमतेम १०-१२ पास्कलचा. मोटरपुढे त्याचा काय निभाव लागणार?

आईने पाठवलेली उदबत्ती लावून मी हे डोळ्यांनी पाहिलं. स्टोव्ह थंड होता. त्याचं दार बोटभर उघडलं आणि उदबत्ती फटीशी धरली. चिमणी बंद होती तोवर धुराची रेघ वळून स्टोव्हच्या आत जात होती. चिमणी सुरू केली तशी ती थरथरली, क्षणभर सरळ उभी राहिली आणि मग माझ्या तोंडाकडे वळली. मागोमाग धुराड्यातल्या जुन्या काजळीचा कडवट वास आला. तुमचे जावई तिथेच म्हणाले, हवेला बाहेरून वाट दिल्याशिवाय काडी लावायची नाही.

धूर निदान दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस उठून खिडकी उघडतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. रात्री नुसते निखारे उरतात तेव्हा तो भरपूर निघतो, आणि नेमकं तेव्हाच धुराडं गार पडून ड्राफ्ट मंदावलेला असतो. मला धास्ती आहे ती त्या तासांची.

बाहेरची हवा थेट स्टोव्हला आणणारा पाइप कुठून न्यायचा यावर बराच खल झाला. इथे स्टोव्ह पेटवण्याआधी अधिकृत धुराडे-तपासनीस घरी येतो, त्याची सही लागते. माणूस मोठा जाणकार. तळघरातून हवा घ्यावी असं आमच्या मनात होतं, पण तळघराचं दार घरातल्या जिन्यातच उघडतं, म्हणजे शेवटी घरातलीच हवा. माळ्याचं तर त्याने नावच काढू दिलं नाही. हवा घेणारं तोंड भट्टीपेक्षा वर गेलं की गरम हवा उलटी त्याच पाइपने चढते आणि तोच धुराडं होऊन बसतो. म्हणून स्टोव्हच्या पाठीमागून सरळ बाहेरच्या भिंतीत. १०० मिलिमीटरचा पत्र्याचा पाइप, वळण एकच. प्रत्येक काटकोनामागे जवळजवळ मीटरभर जादा पाइपचा अडथळा धरायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार! भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवलं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. तोंडाला खाली वळलेली टोपी आणि उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी. जाळी फार बारीक घेतली नाही, नाहीतर पानांच्या कचऱ्याने तुंबते. आणि सगळं बर्फ साचतं त्या पातळीच्या वर.

आतल्या पाइपला मात्र इन्शुलेशन हवंच. बाहेर उणे ८ अंश असताना गरम खोलीतला उघडा पाइप घामेजतो, ते पाणी भिंतीत झिरपतं आणि मग बुरशी. पाइपला झडप आहे, ती स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावरच लावायची, निखारे असताना कधीच नाही.

एवढं करूनही तपासनिसाने खिडकीवर एक स्विच लावायला लावला: खिडकी उघडी असेल तरच चिमणी चालते. आधी जाच वाटला, पण त्याचं पटलं. आमच्या स्टोव्हला बाहेरच्या हवेची जोडणी असली तरी दाराच्या कडेने फट बुजवणारा दोर आणि सांधे पूर्ण हवाबंद असल्याचं चाचणीचं प्रमाणपत्र नाही. तसे स्टोव्ह वेगळे मिळतात, महाग असतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवलाय.

बाबा, हे सगळं शिकताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी आपली बाथरूम येत होती. दादाने नव्या कामाचे फोटो पाठवले. काचपट्ट्यांची खिडकी जाऊन घट्ट सरकती खिडकी आली, आणि गॅस गीझर आत तसाच, धूर बाहेर न्यायला नळीसुद्धा नाही. ६ लिटरचा तो गीझर म्हणजे १०-१२ किलोवॉट, माझ्या स्टोव्हच्या जवळजवळ दुप्पट. तासाला १२ घनमीटर हवा तो खाणार. ५ बाय ७ फुटांची बाथरूम, उंची ९ फूट. सगळी मिळून हवा ९ घनमीटर. पाव तासात तिसरा हिस्सा संपतो. इथे धुराडं असलेल्या शेगडीलाही, ती खोलीतली हवा घेत असेल तर, किलोवॉटमागे ४ घनमीटर जागा लागते. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर तो नुसता फिरतो. हवा कमी पडली की गीझरमधूनही तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याने आधी डोकं जड होतं, मग हातपाय गळतात, आणि कडी काढायचंही त्राण उरत नाही.

डिसेंबरात लग्नाला मावशीकडची मंडळी उतरणार, एकामागून एक आंघोळी होणार. त्याआधी गीझर ड्राय बाल्कनीत हलवा. तिथे अजून नुसती ग्रिल आहे, काच नाही, आणि गॅसची लाइनही जवळ. तिथून बाथरूमपर्यंत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. गॅसची नळी गॅस कंपनीच्या माणसाकडूनच हलवून घ्या, प्लंबरला हात लावू देऊ नका. तोवर दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, मगच आत जाऊन कडी लावायची. आईलाही हे नीट समजावून सांगा, ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठते.

प्लंबरने माप घेतलं की दादाला मला कळवायला सांगा, पैसे त्याच दिवशी पाठवते.

तुमची लेक