‘कंचेभागुबेव’मधला खड्डा

संपादक महोदय,

पदावली, म्हणजे अनेक क्रियांचे एकत्र उदाहरण, सोडवायचा क्रम म्हणून मुले ‘कंचेभागुबेव’ घोकतात: कंस, चे (जसे ‘१० चे निम्मे’), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सूत्र सोयीचे आहे, पण त्यात एक खड्डा आहे आणि मुले नेमकी तिथेच पडतात. १० − ४ + ३ देऊन पाहा. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर, म्हणून कित्येक जण ४ + ३ = ७ करून १० मधून वजा करतात आणि उत्तर ३ लिहितात. निमाणीहून निघालेल्या बसमध्ये १० प्रवासी, शालिमारला ४ उतरले, ३ चढले, असे विचारले की तीच मुले पटकन ९ सांगतात. हिशेब येतो, अडते ते चिन्ह वाचताना.

इथे वजाचे चिन्ह एकट्या ४ चे आहे. ४ आणि ३ आधी मिळवले की ते ३ लाही चिकटते, म्हणजे चढलेले प्रवासीही उतरवले जातात! बेरीज आधी करायचीच तर अधिकवाल्या संख्यांची करावी: १० + ३ = १३, त्यातून ४ गेले, राहिले ९. संख्या हलवायची तर तिच्या डावीकडचे चिन्ह सोबत न्यायचे. हे पक्के होईपर्यंत बेरीज-वजाबाकी सरळ डावीकडून उजवीकडे करावी. गंमत म्हणजे ‘भागु’ कधी दगा देत नाही. ६ × ८ ÷ ४ मध्ये भागाकार आधी केला तरी १२ च येतात. त्यामुळे सूत्रावर भरवसा बसतो आणि ‘बेव’ला घात होतो.

दुसरे दुखणे बरोबरच्या चिन्हाचे. १२ रुपयांची ५ पेने आणि २५ रुपयांची वही यांचा हिशेब वहीत असा दिसतो: १२ × ५ = ६० + २५ = ८५. उत्तर ठीक, पण ओळ खोटी. १२ × ५ म्हणजे ८५ कसे? ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा समज झालेली मुले ८ + ४ = □ + ५ या चौकटीत १२ भरतात. हवेत ७. शेवटचा आकडा पाहून खूण करण्याऐवजी शिक्षकांनी ओळ वाचावी आणि प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहून घ्यावी.

सरावाला आपल्या देवळालीत शिकवून गेलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांची कृती उत्तम. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतल्यास:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे ६१७४ हलत नाही. मात्र २१११ घेतल्यावर पहिल्या ओळीत ०९९९ येते, तिथला शून्य गाळू देऊ नये. गाळला तर ९९९ − ९९९ = ० होऊन कृती तिथेच संपते; ठेवला तर ९९९० − ०९९९ = ८९९१ येते आणि गाडी रुळावर राहते.

– गणिताचे शिक्षक, नाशिक