"आता कसली भीती?"

प्रिय सखी,

परवा फोनवर तू विचारलंस, "रिपोर्ट चांगले आलेत ना, मग आता कसली भीती?" घरात सगळे होते, म्हणून मी विषय बदलला. आज निवांत लिहिते.

स्तनाच्या कर्करोगाची केमो चालू होती तेव्हा मी एवढी घाबरत नव्हते गं. पुढची सायकल, रक्ताची तपासणी, मग रेडिएशन, असं काही ना काही समोर असायचं. कुणीतरी सतत बघत असायचं. उपचार संपले, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मला मात्र एकदम उघड्यावर पडल्यासारखं झालं. आता लक्ष मीच ठेवायचं, पण ते कशावर?

मग ठेवते सगळ्यावरच. कंबर दुखली की वाटतं, कर्करोग हाडात गेला. खोकला आला की फुप्फुस. त्यात रोजची लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी. आजार परत येऊ नये म्हणून घ्यायची, आणि तिच्यामुळेच सांधे धरतात! आता हे दुखणं गोळीचं की कर्करोगाचं, हे मी कसं ओळखायचं?

"पाच वर्षं काढलीस की सुटलीस," असं सगळे सांगतात. स्तनाच्या कर्करोगाच्या ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात, म्हणजे ज्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत त्यात, ते बरंचसं खरं आहे. तिथे धोका सुरुवातीच्या वर्षांत जास्त असतो, नंतर बराच उतरतो. माझा हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा. हा 15-20 वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. सगळ्यांचा काढतो असं नाही, पण काढू शकतो. हार्मोनच्या गोळ्या 5 ते 10 वर्षं देतात त्या म्हणूनच.

मध्यंतरी मी डॉक्टरांच्या मागे लागले होते, दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन, म्हणजे कर्करोग कुठे पसरलाय का ते बघणारा अंगाचा स्कॅन, करा म्हणून. ते नाही म्हणाले. राग आला. पण लक्षणं नसताना स्कॅन आणि ट्यूमर मार्करच्या रक्ततपासण्या करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही. उलट कुठेतरी बारीकसा ठिपका दिसतो, मग बायोप्सी, आणि शेवटी काहीच निघत नाही. वर्षातून एकदा मॅमोग्राफी, ठरल्या वेळी डॉक्टरांची तपासणी आणि नवीन काही जाणवलं तर कळवायचं, बस्स. पटलंय. पचलंय असं नाही म्हणणार.

नवीन दुखणं उठलं की मी कॅलेंडरवर खूण करते. दोन आठवड्यांत गेलं नाही किंवा वाढत गेलं, तर फोन. काखेत, छातीवर किंवा टाक्यांजवळ गाठ लागली, तर मात्र लगेच. बऱ्याच खुणा कशाच्या होत्या तेही नंतर आठवत नाही. रात्री उठून मोबाईलवर लक्षणं शोधणं त्यामुळे पुष्कळ कमी झालंय.

एक मागते. "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नकोस. ते ऐकलं की घाबरणं हासुद्धा माझाच गुन्हा ठरतो. घरी बोलायची सोय नाही, लगेच चेहरे उतरतात.

पुढच्या महिन्यात मॅमोग्राफी आहे. आधीचा आठवडा मी कुणाशी धड बोलत नाही, उगाच खेकसते. तेव्हा येशील का? धीर द्यायला नको. तुझ्या ऑफिसातल्या त्या भांडणाचं पुढे काय झालं, ते अजून अर्धवटच राहिलंय. ते सांग.

तुझीच,
मी