डॉर्नॉखहून आबांना पत्र

डॉर्नॉख, स्कॉटलंड
दिनांक १९ मे

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आपण विचारलेत की गवत राखायलाच जायचे होते तर आपल्या बांधावर काय कमी होते. आई मागून हसली आणि विषय तिथेच राहिला. पण गावात कुणी विचारले तर आपण काय सांगायचे, ही आपली अडचण खरी आहे आणि फोनवर ती सुटण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगायचे तर तीस वर्षे गटसचिव म्हणून आपण विकास सोसायटीत जे केलेत, तेच मी इथे गोल्फ क्लबच्या संदर्भात शिकते आहे. फरक इतकाच की इथले सभासद पीककर्ज मागत नाहीत, शनिवारी सकाळी आठची खेळायची वेळ मागतात.

डॉर्नॉख हे आपल्या गावापेक्षा फार मोठे नाही. इन्व्हर्नेसहून मोटारीने तासाभरावर, एक जुने दगडी कॅथेड्रल, त्याभोवती घरे, आणि घरे संपली की समुद्रापर्यंत पसरलेले गोल्फचे मैदान. या गावात गोल्फ खेळला जात असल्याची नोंद १६१६ सालची आहे, आजचा क्लब १८७७ साली निघाला आणि १८८६ साली सेंट अँड्र्यूज गावच्या टॉम मॉरिस या नामांकित गोल्फपटूने येऊन मैदानाची आखणी केली. सुतारकाम शिकलेल्या इथल्याच डोनाल्ड रॉस नावाच्या मुलाने पुढे मैदान राखण्याचे काम धरले, १८९९ साली तो अमेरिकेला गेला आणि तिकडचा नावाजलेला मैदान-रचनाकार झाला. गावकरी त्याचे नाव अभिमानाने सांगतात. मला मात्र जॉन सदरलंड हे अधिक जवळचे वाटतात. १८८३ साली अगदी तरुण वयात ते क्लबचे सचिव झाले, पन्नासहून अधिक वर्षे त्या पदावर राहिले, आणि ज्या मैदानासाठी आज जगभरातून लोक इथे येतात त्याला आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सचिवाच्या खुर्चीत बसून माणूस इतके करू शकतो, हे आपल्याला सांगायची गरज नाही. हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाचा गोल्फ व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम याच गावात आहे, म्हणून मी इथे आले. प्रात्यक्षिकासाठी मात्र याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या, लहान क्लबात जाते.

आता हा क्लब असतो कोणाचा, ते सांगते. इथले बहुतेक जुने क्लब सभासदांच्या मालकीचे आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, ताळेबंद वाचला जातो, समिती निवडली जाते, वर्गणी वाढवण्याच्या ठरावावर नेहमीची माणसे नेहमीचीच भाषणे करतात. कॅप्टन म्हणजे आपला चेअरमन, पण तो बहुधा एका वर्षासाठीच असतो. क्लबच्या भिंतीवर लाकडी फळ्यांवर सगळ्या कॅप्टनांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत आणि त्या फळ्या पुसायचे काम पहिल्या महिन्यात माझ्याकडे होते. पुसताना एक गोष्ट ध्यानात आली. वर्ष एकच मिळत असल्यामुळे प्रत्येकाला काहीतरी खूण मागे ठेवायची असते, कुणाला नवा बंकर, म्हणजे मैदानावरचा वाळूचा खड्डा, हवा असतो, कुणाला जुना बुजवायचा असतो, आणि व्यवस्थापकाचे निम्मे काम म्हणजे या एका वर्षाच्या उत्साहापासून शंभर वर्षांचे मैदान वाचवणे, तेही कॅप्टनचा मान राखून. व्यवस्थापकाला सभेत मत देता येत नाही. ज्यांच्याकडून वर्गणीची थकबाकी वसूल करायची, तेच त्याचे मालक असतात. हे वाक्य प्राध्यापकांनी वर्गात फार मोठा शोध लावल्यासारखे सांगितले, तेव्हा मला आपला ओटा आणि मार्च महिन्यातली वसुली आठवली.

पूर्वी हे काम बहुधा निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला देत, आपल्याकडे अजूनही अनेक क्लबांत तीच रीत आहे. आता इथे हिशेब, कामगार कायदा, स्वयंपाकघराचा खर्च, मैदानाचे शास्त्र असे सगळे शिकलेला माणूस हवा असतो. बाहेरच्या पाहुण्यांकडून मिळणारे खेळण्याचे शुल्क हा या भागातल्या क्लबांचा मोठा आधार आहे. त्यातून सभासदांची वर्गणी आटोक्यात राहते, आणि तरीही उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी झाली की पहिली तक्रार सभासदांचीच येते.

मत नसलेल्या माणसाची खरी परीक्षा कशी होते याचे एक उदाहरण आम्हाला अभ्यासाला होते. एडिंबराजवळ म्युअरफील्डला मैदान असलेल्या संस्थेने १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम केले, एकूण तेरा. याच संस्थेत २०१६ साली स्त्रियांना सभासद करून घ्यावे का यावर मतदान झाले. बहुमत बाजूने होते, पण लागणारे दोन तृतीयांश मिळाले नाही. त्याच दिवशी ओपन या ब्रिटनमधल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या आयोजकांनी जाहीर केले की ही स्पर्धा आता तिथे होणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झाले आणि ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला. आयोजकांची संस्था सेंट अँड्र्यूजच्या ज्या क्लबातून निघाली, त्या क्लबने स्वतः स्त्रियांना प्रवेश दिला तोही २०१४ साली. वर्गात चर्चा तत्त्वाची चालली होती आणि मी एकटी विचार करत होते की मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातला फोन कोणी उचलला असेल.

आता गवताचे सांगते. आपल्या प्रश्नाचा खरा रोख तिथेच होता. झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत भागाला ग्रीन म्हणतात. तिथले गवत चार-पाच मिलिमीटर ठेवतात, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाहूनही आखूड. समुद्राकाठच्या वाळूत फेस्क्यू नावाचे बारीक पात्याचे गवत येते, ते पाणी आणि खत दोन्ही कमी मागते. जास्त लाड केले तर ते मागे पडते आणि नको असलेले गवत शिरते. दर आठवड्याला एक दिवस मी पहाटे ग्रीनकीपरांबरोबर जाते. या दिवसांत पाचच्या आधीच उजाडलेले असते. रोज होलची, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्याची, जागा बदलायची असते, नाहीतर एकाच ठिकाणी पाय पडून गवत मरते. होल पाडायचे अवजार म्हणजे दोन मुठींची पोलादी नळी. ती उभी धरून, फिरवत, सरळ खाली दाबायची. होलची रुंदी नियमाने १०८ मिलिमीटर, आत बसवायची वाटी पृष्ठभागापासून निदान इंचभर खाली. नळीतून जो गवताचा आणि वाळूचा गोल तुकडा निघतो, तो कालच्या होलमध्ये बसवायचा आणि तळहाताने दाबून सपाट करायचा. माझा पहिला तुकडा कणभर वर राहिला. दुसऱ्या दिवशी कापणी यंत्राने त्याचे डोके उडवले आणि तिथे पिवळा चट्टा पडला.

वर्षातून एकदोनदा साऱ्या ग्रीनला यंत्राने भोके पाडून त्यांत वाळू भरतात, म्हणजे मुळांना हवा मिळते आणि पाणी निचरते. ग्रीन चांगल्या अवस्थेत असतानाच हे करायचे असते, आणि सभासदांना ते मुळीच पटत नाही. कार्यालयात येऊन ते विचारतात, चांगले चाललेले का बिघडवता? एका आजोबांना मी आपल्या द्राक्षबागेतल्या एप्रिलच्या खरड छाटणीचे सांगितले. हिरवीगार वेल नुसत्या ओलांड्यावर, म्हणजे जुन्या आडव्या फांद्यांवर, आणून ठेवली की नवख्याला बाग उद्ध्वस्त झाली असे वाटते, पण पुढच्या हंगामाची काडी त्यातूनच तयार होते. ते म्हणाले की समितीने ही गोष्ट पूर्वीच सांगायला हवी होती. यंत्र मात्र त्यांना अजूनही आवडलेले नाही.

एक चूकही सांगून टाकते, आईला हवे तर सांगू नका. जानेवारीत एका सकाळी मी कार्यालयात एकटी होते. सूर्य नऊच्या सुमारास वर आला होता आणि गवतावर पांढरे दहिवर गोठलेले होते. अशा वेळी ग्रीनवर पाऊल पडू द्यायचे नसते, कारण पात्यातले पाणी गोठलेले असते आणि पायाखाली पाते आतून फुटते. दुरून आलेले चार पाहुणे ताटकळत होते. तेवढ्यात एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सोड त्यांना, ऊन येतेच आहे." मी सोडले. दुपारी बर्फ वितळला तेव्हा तिसऱ्या ग्रीनवर पावलांचे ठसे उमटू लागले, आधी काळपट आणि मग तपकिरी, बुटांच्या तळव्याची नक्षी ओळखू येईल इतके स्पष्ट. मैदानाचे प्रमुख मला तिथे घेऊन गेले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आता प्रत्येक सभासद विचारील. उत्तर तू द्यायचेस." तीन आठवडे मी तेच उत्तर देत होते. ते ज्येष्ठ सभासदही एकदा विचारून गेले.

हँडिकॅपची पद्धत, म्हणजे कमी-अधिक ताकदीचे खेळाडू एकत्र खेळावेत म्हणून दिली जाणारी सूट, हा वेगळाच हिशेब आहे, तो कधीतरी समोर बसून सांगेन. आजीला मात्र एक नक्की सांगा की क्लबात दारूचा बार आहे हे खरे, पण मला तिथला कायदा शिकावा लागतो, प्यावे लागत नाही. पंचविशीच्या आतला दिसणारा कोणीही आला तर वयाचा पुरावा मागावा लागतो, आणि मागच्या महिन्यात मी एका नव्या बापाला तो मागितला. त्याने पाळण्यातले मूल उचलून दाखवले, मग ओळखपत्र काढले.

आता कामाचे. पुढच्या महिन्यात आमच्या क्लबची विशेष सभा आहे, विषय वर्गणीवाढ, आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम मला दिले आहे. दोन सभासद हमखास आवाज चढवणार, आणि त्यांनी काय म्हटले हे त्यांच्यापेक्षा वेगळे इतरांना आठवणार. २००८ साली कर्जमाफीच्या यादीवरून सोसायटीत जी सभा झाली होती, तिचे प्रोसिडिंग आपण रात्री कंदिलाजवळ तीन वेळा लिहिलेत, हे मला लहानपणचे आठवते. मूळ वही सोसायटीत असेल, पण आपल्या लोखंडी पेटीत कच्चे टिपण नक्की आहे. दादाला सांगून त्या पानांचा फोटो पाठवावा. कोणते वाक्य आपण खोडलेत आणि त्या जागी काय लिहिलेत, तेवढेच मला पाहायचे आहे.

आईस व आजीस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनीस नमस्कार, छोटीस आशीर्वाद.

आपली
धाकटी