मंदारला, दाइकिचीबद्दल

प्रिय मंदार,

स. न.

"मला यातलं काहीच येत नाही रे," असं तू फोनवर म्हणालास आणि मला पटकन काही बोलता आलं नाही. ताई जाऊन दीड महिनाही झाला नाही, आणि चिमी आता कायमची तुझ्याकडे. म्हणून हे पत्र, आणि सोबत चार पुस्तकं.

'उसागी ड्रॉप' ही युमी उनिता यांची जपानी मांगा. २००५ ते २०११ या काळात 'फील यंग' मासिकात येत होती. चित्रकथा म्हणून बाजूला ठेवू नकोस. तिशीतला, एकटा राहणारा दाइकिची आजोबांच्या अंत्यविधीला जातो. तिथे सहा वर्षांची रिन दिसते. ती आजोबांचीच मुलगी, म्हणजे नात्याने याची मावशी! तिला कोण नेणार, यावर मोठी माणसं तिच्या देखत वाद घालतात. दाइकिचीला ते सहन होत नाही आणि तो तिलाच विचारतो, येतेस माझ्याकडे? तू तर चिमीचा सख्खा मामा.

पुढे त्याची धावपळ. पाळणाघर शोधायचं, रिनला घ्यायला वेळेवर पोचायचं. विक्री विभागात उशिरापर्यंत थांबावं लागतं, म्हणून तो मालरवानगीच्या कामावर बदली मागून घेतो. त्याआधी तो ऑफिसातल्या गोतोबाईंशी बोलतो, कारण मुलासाठी त्यांनीही पूर्वी असंच काम बदललेलं असतं. हा भाग मी तीनदा वाचला. तूही ऑफिसात कुणाला तरी विचार. लाजू नकोस.

आणि एक. रिन रात्री अंथरूण ओलं करू लागते. हळूहळू दाइकिचीला उमगतं की तिच्या मनात मरणाची भीती बसली आहे. चिमी दिवा मालवू देत नाही म्हणालास ना, तेव्हा मला हेच आठवलं. राहू दे दिवा चालू.

पाचव्या भागात कथा दहा वर्षं पुढे जाते. त्यानंतरचं वळण मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून पहिले चारच भाग पाठवतोय. तेवढ्यात सगळं आहे.

शनिवारी रात्रीच्या एसटीने येतो. रविवारी तू पोटभर झोप, चिमीला मी सांभाळतो. सोमवारी तिला शाळेत सोडूनच निघेन.

तुझा,
निखिल

ता. क. पुस्तकं इंग्रजीत असली तरी पानं उजवीकडून डावीकडे वाचायची आहेत. चिमीला चित्रं दाखवताना लक्षात ठेव.