संकल्पपत्र भरून नेत्रदान होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या निधनाची बातमी आपल्या अंकात आली. नेत्रदानाची असंख्य संकल्पपत्रे त्यांनी भरून घेतली, असे त्यात म्हटले आहे. बातमी खोटी नाही, पण काकांचे खरे काम तिच्यात आलेच नाही, म्हणून हे पत्र. नाव मुद्दाम लिहीत नाही. फलकावर नाव दिसले तरी ते चिडत.

संकल्पपत्रे काय, कोणीही भरून घेतो. शिबिरात माणूस सही करतो, कार्ड पाकिटात ठेवतो आणि विसरून जातो. तो गेल्यावर ते कार्ड घरात कोणाला आठवत नाही. आठवले तरी मागे राहिलेल्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही, आणि हाताशी असतात साधारण 6 तास. नेत्रपेढी दूरच्या शहरात असली की त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. काकांचे काम या 6 तासांतले होते.

मृत्यूची खबर कानावर आली की ते आधी नेत्रपेढीला फोन करून पथकाला तयार राहायला सांगत आणि मग त्या घरी जात. घरच्यांनी नकार दिला तर पथकाला परत फिरवत, आणि त्याबद्दल त्या कुटुंबाला कधी चकार शब्द ऐकवत नसत. घरात शिरल्यावर थोरल्या मुलाशी बोलायला जायचे नाही, हा त्यांचा नियम. त्या गडबडीत जी व्यक्ती न रडता सगळ्यांचे बघत असते, बहुधा एखादी सून किंवा शेजारीण, तिच्याशी आधी बोलायचे. पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, एवढेच सांगायचे. हातांना काम मिळाले की माणसे ऐकू लागतात, असे ते म्हणत. माझ्या मते गावात इतकी नेत्रदाने झाली ती या एका युक्तीने. व्याख्यानांचा वाटा त्यात थोडाच.

शंका ठरलेल्या असत. चेहरा विद्रूप होईल का? नाही; अनेकदा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, तेवढाच काढतात आणि सारे अर्ध्या तासाच्या आत उरकते. चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, मधुमेह होता, तरी चालते. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क असेल तर मात्र नाही, आणि हे ते स्वतःहून विचारत. भलती आश्वासने त्यांनी कधी दिली नाहीत. कोणी फारच भारावले तर ते 1905 सालची गोष्ट सांगत. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एदुआर्द झिर्म यांनी चुन्यामुळे दृष्टी गेलेल्या एका मजुरावर कॉर्नियारोपण केले. ते जगातले पहिले यशस्वी रोपण मानले जाते. पण दोन डोळ्यांपैकी टिकला एकच. ‘एक टिकला तरी पुष्कळ,’ म्हणून काका पुढच्या कामाला लागत.

ते स्वतः 84 व्या वर्षी गेले, तेव्हा नेत्रपेढीला पहिला फोन त्यांच्या सुनेने केला. डोळे कामी आले की नाही हे ठाऊक नाही. तो निर्णय तपासणीनंतर होतो आणि ते कोणाला बसवले हे कुटुंबाला सांगत नाहीत. ही गुप्तता काकांना फार पटत असे.

आता शोकसभा झाली, त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवायचेही बोलले गेले. पण पुढची खबर आली की नेत्रपेढीला फोन कोण करणार, हा प्रश्न सभेत कोणी काढला नाही. ते काम अंगावर घ्यायला दोन-तीन माणसे हवीत, तीही रात्री-अपरात्री फोन उचलणारी. त्यांच्यात एखादी बाई असलीच पाहिजे, कारण पहिले बोलणे बहुधा घरातल्या बाईशीच होते. काकांची या कामाची वही त्यांच्या घरी आहे. कोणी मागितली तर सून ती देईल.

आपल्याकडे एक विनंती. निधनवार्तांच्या सदराशेजारी रोज एक छोटी चौकट द्यावी: जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक, 6 तासांची मुदत आणि पंखा, उशी, ओला कापूस या तीन सूचना. ते पान घराघरांत नेमके त्याच वेळी उघडलेले असते, जेव्हा आजूबाजूच्या कोणाला तरी त्याची गरज पडू शकते. जागेची अडचण असेल तर हे पत्र वगळा, चौकट छापा.

आपला,
एक वाचक