वाट्यावरच्या दोन मांदेल्या

मावशी,

हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवील. तू मध्येच "पुरे गो, किती ते" म्हणशील, तरी थांबायचं नाही, असं तिला आधीच बजावून ठेवलंय. तोंडावर आभार मानले असते तर तू मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालू पडली असतीस, म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण चारचौघांनीच मला हसून घेतलंय.

माझी मांजर करंदी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं 'घरगुती'. खरं कारण कळल्यावर ऑफिसात दिवसभर खसखस पिकली. गावातही तेच. अंजर्ल्यात मांजरांना काय तोटा? हर्णै बंदरावर जा, पिशवीत घालून दुसरं आण. वाईट मनाने कोणी बोललं नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवसांत मला शेजाऱ्यांच्या दारावरून जाववत नव्हतं.

तिला माझ्या दारात आणलीस तूच. तेरा वर्षं झाली. कुठून कोण जाणे, तुझ्या पाटीमागे लागली आणि माझ्या पायरीवर येऊन बसली. "करंदीएवढीपण नाय," म्हणालीस, आणि त्या बारक्या कोळंबीचंच नाव तिला पडलं. तेव्हापासून मी कसल्याही मासळीचा वाटा घेतला तरी वर तिच्यासाठी दोन मांदेल्या, ते छोटे मासे, ठरलेल्या. त्या माझ्या हिशेबात कधी आल्या नाहीत.

मे महिन्यात ती पाणी जास्त प्यायला लागली. मला वाटलं, उकाडा आहे. उलट बरंच वाटलं, मांजरं एरवी पाणी पितात कुठे! पाठीचा कणा हाताला लागायला लागला तेव्हा दापोलीला डॉक्टरांकडे नेली. रक्त तपासलं, क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, भरमसाट वाढलेलं. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार नेहमीचाच, आणि पाऊण मूत्रपिंड कामातून जाईपर्यंत रक्तात ते धड दिसतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. बरं होणार नव्हतंच. रोज 100 मिली सलाईन कातडीखाली द्यायचं, खाईल ते भरवायचं, खारवलेलं मात्र काही द्यायचं नाही.

सलाईन मला जमेना. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची, एवढंच. पण हात थरथरायचा, ती ओरबाडायची, आणि दोघंही दमून जायचो. जून लागलेला, मासेमारी बंद, 31 जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर. तू सुकट नि बोंबील घेऊन फिरत होतीस. पडवीत टेकलीस, बघितलंस, आणि काही न विचारता तळहात तिच्या नाकाखाली धरलास. ती चाटायला लागली. रेघ न रेघ चाटत होती, जणू त्या हातात बंदर भरलं होतं. मी सुई घातली ते तिला कळलंसुद्धा नाही. खांद्यावर पाण्याचा उंटासारखा उंचवटा आला, तोही तूच हलक्या हाताने चोळून जिरवलास. (सुकटीचा हात म्हणजे मीठ आलंच. डॉक्टरांना ते मी सांगितलं नाही.)

त्यानंतर एकोणीस दिवस तू आलीस. पाटीत विकायला काही नसेल त्या दिवशीही आलीस. हात मात्र सुकटीत घोळवून यायचीस, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आषाढातल्या त्या पहाटे ती सापडेना, तेव्हा मी भिजत वाडीभर हाका मारत फिरलो. न्हाणीमागे, लाकडांच्या आडोशाला होती. तू आलीस तेव्हा मी आगरातच खड्डा खणत होतो आणि पुळणीत दोन फुटांवर पाणी वर येत होतं. तू पदर खोचलास नि म्हणालीस, "पाण्यात नको रं बाला तिला." मग वर, आंब्याच्या बुंध्याशी. तिथे फूटभर माती आणि खाली जांभा. पहार आळीपाळीने मारली. वरून एक चिरा सरकवून ठेवलास, कोल्ह्याने उकरू नये म्हणून. तुझं वय काय, मी विचारलंही नाही.

पण मावशी, हे पत्र खड्ड्यासाठीही नाही आणि सलाईनसाठीही नाही. आठवड्याने तू आलीस तेव्हा मी पडवीत बसून तेच उगाळत होतो. मे महिन्यात नेली असती तर. पाणी पीत होती तेव्हाच कळायला हवं होतं, मी आंधळा, वगैरे. असं बोललं की लोक म्हणतात, "छे, तुझी काय चूक!" आणि ते कानाच्या बाहेरच राहतं. तू तसं म्हणाली नाहीस. थोडा वेळ सुपारी कातरत बसलीस. मग म्हणालीस, "मी पण रोजची बघत होते ना तिला. मांदेली सोडून जायची, तवा मला तरी कुठं समजला? अर्धा वाटा माझा." आणि उठून गेलीस.

अर्धा वाटा माझा. तेरा वर्षांत तुझ्याकडून इतके वाटे घेतले, हा एक तू माझ्याकडून नेलास. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट रडलो आणि मग झोपलोही. पहाटे साडेचारला जाग येते अजून, ती दार वाजवायची त्या वेळेला. दार किलकिलं करतो, पुन्हा लावतो. चालायचंच.

नारळी पौर्णिमा झाल्यावर तू ताजी मासळी घेऊन आलीस तो दिवस. बांगड्याचा वाटा लावलास आणि हात सवयीने मांदेलीकडे गेला. दोन उचलल्यास, पायरीकडे बघितलंस आणि हात तिथेच राहिला. मीही काही बोललो नाही. मग त्या माझ्याच ताटलीत टाकल्यास. "वरच्या. आता तुझ्या." मी पैसे काढले तर डोळे वटारलेस.

तळून खाल्ल्या. चांगल्या होत्या.

एक राहिलं. तिच्या नावामुळे इतके दिवस मी तुझ्याकडून करंदी घेत नव्हतो आणि तूही पाटीतली करंदी फडक्याखाली झाकून आणत होतीस. मला दिसायचं. रविवारी घरीच आहे. मिळाली तर आण, एक वाटा.

तुझा,
आंब्याखालचा