निळ्या अंड्याचं कौतुक झालं, आता पिल्लाच्या डोक्याकडे बघा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत निळ्या अंड्यांवर अर्धं पान आलं होतं ते वाचलं, फोटो झकास, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितेय. पहिली म्हणजे निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं हे वाक्य. अहो नाही हो. कवचाच्या रंगाचा आतल्या बलकाशी काही संबंध नाही, आत काय उतरणार ते कोंबडीवर आणि तिच्या खाण्यावर असतं. दुसरी गोष्ट म्हणजे लेखात निळी अंडी देणाऱ्या क्रीम लेगबार जातीच्या कोंबडीचं नाव आलं, शेंडीचं वर्णन आलं, सगळं आलं, आणि ती जात मुळात ज्यासाठी बनवली तेच राहिलं. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, वाळलं, की त्याच दिवशी नुसतं बघून सांगता येतं कोंबडा का कोंबडी. ऑटोसेक्सिंग म्हणतात ते हेच.

ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना याची किंमत कळेल. एरवी दोन-दोन महिने आपण तुऱ्याकडे बघत अंदाज बांधत बसतो, ही तलंग होणार, तो कोंबडा होणार, आणि जिला तलंग म्हणून नाव ठेवलं तीच एक दिवस बांग देते. मोठ्या हॅचऱ्यांमध्ये एक दिवसाच्या पिल्लाची शेपटीखालची जागा दाबून तपासतात, जपानी लोकांनी बसवलेली पद्धत आहे, पण त्याला हात तयार व्हावा लागतो, घरच्या माणसाने करायला गेलं तर पिल्लाला इजा व्हायची.

शाळेत जेनेटिक्सला तो चौकोन काढायला लावायचे ना, पनेट स्क्वेअर, त्याच केंब्रिजच्या पनेटचं हे काम. पहिल्या महायुद्धात दाण्याची टंचाई होती, नर पिल्लं पोसणं परवडत नव्हतं, तेव्हा त्याने सुचवलं की ठरावीक क्रॉस केले तर लवीच्या रंगावरून नर पहिल्याच दिवशी बाजूला काढता येतील. नंतर त्याने आणि मायकल पीझने क्रॉसवर न थांबता जातीच बनवल्या, आधी कॅंबार, मग ब्राउन लेगहॉर्न आणि बार्ड प्लायमाउथ रॉक यांच्यापासून लेगबार. मधल्या काळात क्लॅरेन्स एलियट नावाचा झाडं गोळा करणारा गृहस्थ चिलीहून निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या घेऊन आला, त्यांचं रक्त यात मिसळलं, आणि 1958 साली ब्रिटनमध्ये क्रीम लेगबारला जात म्हणून मान्यता मिळाली.

निळ्या रंगाची गंमत आहेच, नाही म्हणत नाही. तो बिलिव्हर्डिनचा रंग, पित्तात असतो तोच, कवच बनतानाच आरपार मुरतो, म्हणून अंडं फोडून कवच आतून बघितलं तरी निळंच. तपकिरी रंग मात्र शेवटी वरून चढतो, आतून पांढरंच राहतं. दोन्ही एकत्र आले की हिरवट. 2013 मध्ये कळलं की फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा कोंबडीच्या डीएनएमध्ये घुसून बसला आणि त्यामुळे एक जीन अंड्याचं कवच बनतं तिथे चालू झाला. चिलीकडच्या आणि चीनमधल्या कोंबड्यांमध्ये हे वेगवेगळं घडलंय. (व्हायरस शब्द वाचून कुणी अंडी टाकून देऊ नका, खाणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही.) रंग वर्षभर सारखा राहत नाही हेही सांगायला हवं होतं, सुरुवातीची अंडी छान निळी आणि पुढे पुढे फिकट, लोकांना वाटतं कोंबडी आजारी पडली.

आता माझं खरं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी मी एकांकडून लेगबारची म्हणून अंडी आणली, इनक्यूबेटरला 37.5 डिग्रीवर लावली, 21व्या दिवशी पिल्लं निघाली, ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या पेटीत, वाळवून बघते तर सगळी एकसारखी! सगळ्यांच्या डोक्यावर ठिपका, सगळ्यांच्या पाठीवर अर्धवट पट्टे, नर कुठलं मादी कुठली काही कळेना. मला वाटलं माझेच डोळे गेले. मग विचारत विचारत गेले तेव्हा बाहेर पडलं की कोंबडा लेगबार होता पण माद्या साध्या, जास्त अंडी मिळावीत म्हणून घातलेल्या. आणि गंमत म्हणजे त्यातल्या तलंगांनी पुढे निळसर अंडी दिलीच, कारण निळा रंग एका बाजूने आला तरी पुरतो. म्हणजे नुसतं अंडं बघणाऱ्याला ही भेसळ कधीच कळणार नाही.

कारण असं की पट्ट्यांचा जीन (मोठेपणी पिसांवर आडवे पट्टे आणणारा, पिल्लाची लव मात्र फिकट करणारा) झेड या लिंग ठरवणाऱ्या क्रोमोसोमवर असतो आणि कोंबड्यांमध्ये आपल्या उलटं असतं, नराकडे दोन झेड, मादीकडे एकच. त्यामुळे शुद्ध लेगबारमध्ये नराला पट्ट्याचे दोन डोस मिळतात, पिल्लू फिकट, डोक्यावर पांढुरका पसरट डाग, पाठीवरच्या रेघा पुसट. मादीला एकच डोस, ती गडद, डोळ्यापासून मागे काळसर रेघ, पाठीवर खारीसारखे स्पष्ट पट्टे. लेगबार कोंबडा साध्या मादीवर सोडला की मुलगा असो मुलगी असो सगळ्यांना एकेकच डोस, संपली ओळख. उलट केलं, साधा कोंबडा आणि लेगबार मादी, तर नर ठिपक्याचे, माद्या बिनठिपक्याच्या, ओळखता येतात पण फक्त त्याच पिढीत, पुढच्या पिढीत परत गोंधळ. पांढरा लेगहॉर्न घातला तर विचारूच नका, त्याचा पांढरा सगळं झाकून टाकतो.

कोंबड्याचं आणखी एक दुखणं म्हणजे तो अंडं देत नाही, त्यामुळे त्याच्यात पांढऱ्या अंड्याचा जीन लपलाय का हे बघून कळत नाही. एकतर डीएनए टेस्ट, नाहीतर पांढरी अंडी देणाऱ्या मादीवर सोडा, लेकी पाच-सहा महिन्यांनी काय रंग देतात बघा, एकीनेही पांढरं दिलं तर तो कोंबडा पैदाशीतून बाद. एवढा धीर कुणाला असतो, म्हणून मग दोन पिढ्यांनी टोपलीत अचानक पांढरं अंडं दिसतं.

मी आता पहिल्या-दुसऱ्या दिवसातच, लव वाळली की पिसं फुटायच्या आधी, पिल्लांचे वरून फोटो काढते, पायात रिंगा घालते, वहीत लिहिते, आणि मोठं झाल्यावर ज्यांचं लिहिलेलं चुकलं ती घराणी पुढे रवणाला लावत नाही. अंडी वर्षाला 180-200च्या आसपास मिळतात, अंड्यासाठीच्या हायब्रीड कोंबड्या 300 देतात, म्हणून धंदेवाल्यांनी ही जात घेतली नाही ते समजू शकते. यामुळे नर पिल्लं जन्मायची थांबत नाहीत हेही खरं, जर्मनीने 2022 पासून नर पिल्लं मारायला बंदी घातली ती अडचण इथेही तशीच राहते, फक्त पहिल्या दिवशी मोजून कळतं की किती कोंबड्यांची सोय लावायचीय.

तेवढं कोलेस्टेरॉलचं वाक्य दुरुस्त करा. आणि फोटोखाली ‘निळी अंडी देणाऱ्या चार छोट्या मैत्रिणी’ असं छापलंय ना, त्यातल्या उजवीकडच्या मैत्रिणीच्या डोक्यावर चांगला पसरट पांढुरका डाग दिसतोय, ज्यांच्याकडे ती आहे त्यांना तेवढं कळवा, नाहीतर काही महिन्यांनी पहाटे त्यांना आपोआप कळेलच.

आपली,
एक नियमित वाचक